आक्का शहीद नव्हती

आज मी ज्या कवितेवर टीका करणार आहे ती माझीच आहे. १९८३ च्या पावसाळ्यानंतर लिहिलेली. अशाच एका सायक्लोस्टाइल अंकात ती आली होती. स्टेन्सिल मीच कापलं, शाई मीच फासली, अंक मीच वाटले. पोरांना कविता आवडली. नामांतराच्या सभांत दोनदा वाचली, टाळ्या पडल्या. एक मित्र पाठीवर थाप मारून म्हणाला, "बहिणीला अमर केलंस गड्या!" मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची आज लाज वाटते. हा लेख त्या लाजेपोटी लिहितोय.

कवितेत काय होतं? ओळी देत नाही, देण्याच्या लायकीच्या नाहीत. माझी बहीण मुळशीच्या धरणाच्या पाण्यात गेली. मी लिहिलं की ज्या पाण्यानं आमचं गाव गिळलं त्याच पाण्यानं माझी बहीण गिळली. मग कवितेत टाटा आले, सावकार आला, पाटील आला, मनू आला. शेवटच्या कडव्यात आक्का शहीद झाली आणि तिच्या राखेची शपथ घेऊन मी मूठ आवळली.

मूठ आवळायला माझी हरकत नाही. मुळशीचं पाणी निर्दोष आहे असंही म्हणत नाही. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली इथं सत्याग्रह झाला, त्यातूनच बापटांचे सेनापती बापट झाले. मावळ्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला, तरी धरण झालंच. गावं पाण्याखाली गेली आणि वीज मुंबईला गेली. सत्याग्रहावर पुस्तकं आहेत, राजेंद्र व्होरांनी तर २००९ साली त्यावर अख्खा इंग्रजी ग्रंथ लिहिला. आमच्या घरातली माणसं डोक्यावर बोचकं घेऊन डोंगराच्या अंगाला सरकली तेव्हा हातात काय होतं, हे मात्र आज्यानं कधी धड सांगितलं नाही. हे सगळं खरं आहे. पण आक्का त्यानं मेली नाही. माझ्या कवितेला मोठा गुन्हेगार पाहिजे होता आणि तो तयार उभा होता. त्याच्या आडोशाला मी लहान गुन्हेगारांना लपवलं. त्या लहान गुन्हेगारांत मी होतो.

आता कविता बाजूला ठेवतो आणि आक्काबद्दल सांगतो.

आक्का माझी सावत्र बहीण. बापाच्या पहिल्या बायकोची. ती बाळंतपणात गेली, बापानं माझ्या आईशी लग्न केलं, तेव्हा आक्का चार वर्षांची होती. मी आक्काच्या कडेवर वाढलो. बाप खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, पंधरा दिवसांनी घरी यायचा. आक्काचं सोळाव्या वर्षी लग्न झालं. दोन वर्षांनी सासरच्यांनी तिला आणून सोडलं. म्हणाले, रातभर झोपत नाही, एकटीच बोलती, भाकरीत इख घातलंय म्हणती. पोरगी आणून सोडली आणि लग्नातली भांडी ठेवून घेतली.

आईनं देवरुषी केला. अंगारा झाला, उतारा झाला, दोन कोंबड्या झाल्या. मी तोवर पुण्याला वसतिगृहात राहून शिकत होतो आणि चळवळीत पडलो होतो. एकदा घरी आलो तर देवरुषी आक्काला मिरच्यांची धुरी देत होता, हातात वेताची छडी. मी त्याला वस्तीतून हाकलला. पोरांनी जयभीमच्या घोषणा दिल्या. आईला म्हणालो, "पुन्हा या घरात उतारा झाला तर मी पाय ठेवणार नाही."

ते बरोबरच केलं. आजही तेच करीन. पण दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एसटीनं मी पुण्याला निघून गेलो. आक्काला डॉक्टरकडं न्यायचं राहिलं. राहिलं हा शब्दही खोटा आहे. मला सुचलं होतं. पण न्यायचं म्हणजे येरवड्याला न्यायचं, आणि कार्यकर्त्याची बहीण येरवड्याला, हे मला नको होतं.

पुढं तीन वर्षं आईनं तिला सांभाळलं. कामावर जाताना आई तिला घरातल्या मेढीला बांधून जायची, आल्यावर सोडायची, न्हाऊ घालायची, भाकरीचा पहिला तुकडा आपण खाऊन दाखवायची आणि मग तिला भरवायची. १९८३ च्या आषाढात एक दिवस आईनं दोरी बांधली नाही. त्या दिवशी मी पुण्यात सभेला होतो. आक्का दोन दिवसांनी पाण्याच्या कडेला सापडली. पंचनाम्यात पाय घसरून असं लिहिलं. काय झालं कुणी पाहिलं नाही. मी तर्क करणार नाही, तुम्हीही करू नका. वस्तीनं तेवढंच केलं. पडली का पडून घेतली, एवढ्याच प्रश्नावर महिनाभर बोलणं चाललं आणि पोरगी गेली हे बोलायचं राहूनच गेलं.

या हकिकतीतली एक तरी गोष्ट माझ्या कवितेत होती का? दोरी नव्हती. सावत्रपणा नव्हता. तो भाकरीचा तुकडा नव्हता. एसटी नव्हती. आक्काचा आजारच नव्हता. वेडी बहीण शहीद म्हणून शोभत नाही, म्हणून मी आधी तिला शहाणी केली आणि मग मारली.

*

त्यानंतर बरीच वर्षं मी वाचत गेलो ते हेच शोधत, की आपल्या भाषेत मेलेलं भावंड आणि घरातलं वेड एका जागी कुणी लिहिलंय का.

पहिलं आठवतं ते नेमाड्यांचं ‘कोसला’, १९६३ चं. खेड्यातून पुण्याला येऊन वसतिगृहात राहणारा पोरगा म्हणून मी ते अधाशासारखं वाचलं. पांडुरंगची धाकटी बहीण मरते आणि त्याची भाषाच फाटते. तो घरच्यांवर चिडतो, नको ते बोलतो, त्याला शहाण्यासारखं रडता येत नाही. आपल्यातले काही मित्र ‘कोसला’ला बड्या शेतकऱ्याच्या पोराचं दुखणं म्हणून फेकून देतात. त्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे. पांडुरंगला नापास व्हायची सोय आहे, परत जायला घर आहे, शेत आहे. दुःख करत बसायला वेळ लागतो, आणि आपल्याकडं तिसऱ्या दिवशी कामावर जावं लागतं. पण उरलेलं निम्मं आपण शिकायला पाहिजे होतं. बहीण मेल्यावर तो भाऊ चांगला दिसायचा प्रयत्न करत नाही. मी केला.

त्याच १९६३ साली बाबुराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ आलं. हे साल तरुणांनी लक्षात ठेवावं. बागुलांची ‘आई’ नावाची कथा आहे. शाळेत आईवरची गोड कविता चाललेली आणि वर्गातल्या एका पोराच्या डोक्यात त्याची स्वतःची विधवा आई, तिच्यामागं लागलेला मुकादम, वस्तीची जीभ. पोरगा आईवर प्रेम करतो आणि संशयानं जळतोसुद्धा. बागुलांनी आईला देवी केली नाही, पोराला क्रांतिकारक केला नाही. जातीनं आणि गरिबीनं घराच्या आत, मायलेकरांच्या मधे काय करून ठेवलंय ते दाखवलं. १९६९ च्या दुसऱ्या संग्रहाला तर त्यांनी ‘मरण स्वस्त होत आहे’ असंच नाव दिलं. म्हणजे घरातला गुंता लिहायची वाट आपल्या साहित्यात पहिल्यापासून पडलेली होती. आम्ही पुढच्या कवींनी ती सोडली आणि सभेच्या मांडवाकडं वळलो.

वेड्या भावाची आणि त्याला सांभाळणाऱ्या बहिणीची गोष्ट मी पडद्यावर पाहिली ती फार उशिरा, २००४ साली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’. कोकणातल्या देवराईत जीव अडकलेला शेष, त्याला स्किझोफ्रेनिया. अतुल कुलकर्णींनी त्याचं काम केलंय. बहीण त्याला शहरात आपल्या संसारात आणते, डॉक्टर, औषधं, पुन्हा डॉक्टर. बहीण थकते, वैतागते, सिनेमा ते झाकत नाही. मी थेटरात रडलो. बाहेर आल्यावर हिशेब सुरू झाला. शेषची देवराई त्याच्या घरची. आमच्या मुळशीतही देवराया आहेत. माझ्या आज्याला देवराईच्या कडेपर्यंतच जायची मुभा होती. शेषच्या बहिणीच्या घरात भावाला निजायला खोली आहे. आमच्या घरात मेढ होती. पण हा हिशेब मांडून मी सुटत नाही. शेषच्या बहिणीनं एक गोष्ट केली होती, तिला खोली लागत नाही. तिनं भावाच्या आजाराला आजार म्हटलं. मी आक्काच्या बाबतीत तो शब्द एकदाही उच्चारला नव्हता.

*

आता आपल्या आत्मकथनांकडं येतो.

प्र. ई. सोनकांबळ्यांचं ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ चं. आईबाप गेल्यावर बहिणीच्या आसऱ्यानं वाढलेलं पोर. बहिणीची माया आहे आणि बहिणीच्या घरात आपण जास्तीचं तोंड आहोत ही बोचही आहे. दोन्ही एका ताटात वाढलेलं. शरणकुमार लिंबाळ्यांच्या ‘अक्करमाशी’त, १९८४ साली, एका आईची लेकरं आणि बाप वेगवेगळे. सख्खं-सावत्र हे शब्दच तिथं निकामी होतात. बेबीताई कांबळ्यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये, १९८६ साली, पोतराज आहे, आषाढ आहे, अंगात येणाऱ्या बाया आहेत, जगायच्या आत मरणारी पोरं आहेत. बेबीताई त्या बायांना हसत नाहीत. दिवसभर राबून अर्धपोटी निजणाऱ्या बाईला अंगात आल्यावरच घडीभर मान मिळतो, हे ते पान वाचताना कळतं.

म्हणजे आपल्याकडं तुटकी नाती आहेत, अंगात येणं आहे, लेकरांची मरणं आहेत. तरी मला आक्का सापडली नाही. का सापडली नाही, यावर मी पुष्कळ विचार केलाय.

आपलं लिहिणं साक्षीपुरावा म्हणून जन्मलं. आमच्यावर काय केलं त्याची ती फिर्याद होती आणि तशीच ती असायला पाहिजे होती. फिर्यादीत आरोपी समोरच्या बाजूला असतो. पण मेलेलं वेडं भावंड लिहायला घेतलं की आरोपी घरात सापडतात. त्यांत आई असते, बाप असतो, आपण असतो. मग भीती वाटते की हे लिहिलं तर सदाशिव पेठ म्हणेल, बघा, हेच आपल्या माणसांना असे वागवतात. ही भीती खोटी नाही. तसं म्हणणारे होते आणि आहेत. पण त्यांच्या तोंडाला भिऊन आपण आपल्या मेलेल्यांना चुकीच्या नावानं पुरायचं का?

दुसरं कारण जास्त अवघड आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण देव सोडले. देवांबरोबर मरीआई गेली, देवरुषी गेला, भूत गेलं, बाहेरचं गेलं. फार चांगलं झालं. पण आमच्या आयांकडं मनाच्या दुखण्याला तेवढेच शब्द होते. लागीर झालं, झपाटलं, अंगात आलं, बाहेरचं हाय. ते शब्द आम्ही काढून घेतले आणि त्या जागी दुसरे दिले नाहीत. जी जागा मोकळी राहिली तिथं एकच शब्द शिरला: येडी. देवरुषाच्या हिशेबात आक्का निदान पीडित होती, तिच्यात शिरलेलं भूत दोषी होतं. माझ्या बुद्धिवादात ती नुसती येडी झाली. मी भूत काढलं आणि माणसालाही वाऱ्यावर सोडलं.

*

काही मित्र विचारतील, चळवळीत घरचं रडगाणं कशाला? त्यांनी बाबासाहेबांचं चरित्र पुन्हा उघडावं.

बाबासाहेब रामजी-भीमाबाईंचं चौदावं अपत्य, हे आपण शाळेतल्या पोरांकडून घोकून घेतो. भीमाबाई गेल्या तेव्हा त्या चौदांतली पाचच मागं होती: बाळाराम, आनंदराव, मंजुळा, तुळसा आणि भीमराव. बाकीच्यांची नावं आपल्या एकाही गाण्यात नाहीत. चौदा हा आकडा आपण अभिमानानं सांगतो, पण त्यात किती भावंडांची मरणं आहेत हे मोजत नाही.

पुढं गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरं बाबासाहेब-रमाईंच्या हातून गेली. राजरत्न १९२६ च्या जुलैत गेला. त्यानंतर बाबासाहेबांनी दत्तोबा पवारांना पत्र लिहिलं. त्यात त्यांनी दुःख लपवलं नाही. आपण दोघं यातून सावरलो असं म्हणणं ढोंग ठरेल, अशा अर्थाचं ते पत्र आहे. आणि १९२७ च्या मार्चमध्ये महाडचं तळं. मधे आठ महिने. रडणारा बाप आणि महाडला पाण्यात हात घालणारा पुढारी एकच माणूस होता. पत्र लिहून लढा कमजोर झाला नाही.

त्याच १९२७ च्या नोव्हेंबरात, अमरावतीला अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या परिषदेचे दिवस चालू असताना, थोरले भाऊ बाळाराम गेले. पुढच्या महिन्यात, २५ डिसेंबरला, मनुस्मृती जळली. आनंदराव त्याआधीच वारले होते. त्यांची बायको लक्ष्मीबाई आणि मुलगा मुकुंद बाबासाहेबांच्याच घरात राहिले. मेलेल्या भावाचं दुःख करायची ही एक रीत आहे: त्याची माणसं आपल्या ताटाला घ्यायची. मी माझी तुलना करत नाही, ती करायला तोंडही नाही. एवढंच दाखवतो की सभा आणि सुतक एकाच घरात होतं आणि बाबासाहेबांनी एकासाठी दुसरं खोटं ठरवलं नाही.

आणखी एक माणूस बघा. यशवंतराव, आपले भय्यासाहेब. राजरत्न गेला तेव्हा तेरा वर्षांचे. चार भावंडं गेली आणि हे एकटे उरले. बापाशी त्यांचं सगळंच सरळ नव्हतं हे चरित्रकारांनी लिहिलंय, आणि आपण त्यावर पुष्कळ कुजबुजलो. पण त्या तेरा वर्षांच्या पोराच्या बाजूनं कुणी कविता लिहिली? रमाईच्या दुःखावर आपल्या शाहिरांनी शेकड्यांनी गाणी केली. एकट्या उरलेल्या भावाला आपण बाजूलाच ठेवलं.

*

आता मी सगळ्यात जड गोष्ट सांगतो. आक्कावरची सगळ्यात चांगली कविता मी लिहिलेली नाही. ती आईनं केली होती आणि मी ती मधेच थांबवली.

आमच्याकडं बाया सांगून रडतात. मेलेल्याला हाक मारत, त्याचं बरंवाईट सांगत, हेल काढून. आक्काला घरी आणलं तेव्हा वस्तीतल्या बाया आईकडं तिरक्या नजरेनं बघत होत्या. सावत्र आई, हिला कशाचं रडू. आई आक्काच्या उशाशी बसली आणि सुरू झाली:

"आगं माज्या बायं गंऽ, म्या तुला जेवाय घातलं अन् म्याच तुला बांधली गंऽ. तुजी आय आसती तर बांधली नसती गंऽ. लोक म्हंत्यात सावत्र, सावत्र. ह्या हाताला दोरीचं वळ हाईत, कुनाला दावू गंऽ. त्या दिशी तू म्हनलीस, आये आज नको बांदू. म्हून न्हाई बांदली गंऽ. बाप तुजा खडकीला, भाव तुजा सभंला, अन् तू गेलीस पान्याला गंऽ..."

इथं मी पुढं झालो. म्हणालो, "आई, आपण बौद्ध आहोत. असं हेल काढून रडायचं नाही." चार कार्यकर्ते माझ्याबरोबर आले होते, त्यांनी माना डोलावल्या. आई गप्प झाली. ती त्यानंतर आक्कासाठी पुन्हा कधी मोठ्यानं रडली नाही.

मी धम्मासाठी थांबवलं नव्हतं. तिच्या रडण्यात माझं नाव आलं म्हणून थांबवलं होतं.

टीकाकार म्हणून ते रडणं तपासून बघा. त्यात सावत्रपणा आहे, दोरी आहे, वळ आहेत, आक्काचं स्वतःचं एक वाक्य आहे. बापाची नोकरी आहे, माझी सभा आहे. कुणी वगळलेला नाही आणि आईनं पहिला आरोप स्वतःवर घेतलाय. माझ्या सबंध कवितेत आक्का एक शब्द बोलत नाही. आईच्या रडण्यात ती बोलते. निरक्षर बाईनं चार श्वासांत जे केलं ते मला वह्या भरून साधलं नाही.

मग पुण्यानुमोदनाचा दिवस आला. त्रिशरण-पंचशील झालं आणि भाषणं झाली. पाच वक्ते बोलले, मी सहावा. बाबासाहेबांवर बोललो, नामांतरावर बोललो, एकीवर बोललो. आक्काचं नाव सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा. तिच्या आजारावर कुणी शब्द काढला नाही. मित्रांनो, पुण्यानुमोदनाचं भाषण हाही आपल्या साहित्याचा एक प्रकार आहे, आणि त्यावर कुणी टीका लिहीत नाही. बायांचं रडणं बंद करून आपण त्या जागी पुरुषांची भाषणं आणली. बदल्यात काय मिळालं आणि काय गेलं, याचा हिशेब करायची वेळ कधीच येऊन गेली.

ज्या धम्माचं नाव घेऊन मी आईला गप्प केलं त्यात काय आहे ते मी फार नंतर वाचलं. थेरीगाथेत पटाचारेच्या गाथा आहेत आणि तिची कथा अट्ठकथेत येते. सावत्थीच्या श्रीमंताची पोर, घरातल्या नोकराबरोबर पळून गेलेली. नवरा साप चावून मेला, दोन लेकरं गेली, माहेरी निघाली तर कळलं की घर कोसळून आई, बाप आणि भाऊ एकाच चितेवर जळतायत. तिचं भान गेलं. अंगावर वस्त्र नाही, लोक ढेकळं मारतायत. ती जेतवनात आली तेव्हा बसलेली माणसं म्हणाली, वेडी आहे, आत येऊ देऊ नका. बुद्धानं तिला येऊ दिलं. बहीण म्हणून हाक मारली आणि भानावर ये म्हणाला. एकानं अंगावरचं वस्त्र तिच्याकडं टाकलं. मग तिनं काय काय झालं ते सगळं सांगितलं आणि बुद्धानं ऐकून घेतलं. पुढं तीच बाई विनय जाणणाऱ्या भिक्खुणींत पहिली ठरली.

‘आपण बौद्ध आहोत, रडायचं नाही’ हे वाक्य मी कुठून आणलं होतं? या कथेत तरी ते नाही. इथं वेड्या बाईला आधी बहीण म्हटलंय, मग वस्त्र दिलंय, मग तिचं ऐकलंय. उपदेश त्यानंतर.

*

येरवडा म्हटलं की आपल्याला एकच आठवतं: तुरुंग, २४ सप्टेंबर १९३२, पुणे करार. त्यावर आपण तासन्‌तास बोलतो. त्याच येरवड्यात मनोरुग्णालयही आहे आणि पुण्याच्या बोलीत ‘याला येरवड्याला पाठवा’ ही थट्टा आहे. मी पहिल्या येरवड्यावर भाषणं केली आणि दुसऱ्याच्या थट्टेला भिऊन बहिणीला घरी ठेवली. तिथं नेलं असतं तर ती बरी झाली असती असं मी म्हणत नाही. तिच्या आजाराला आज नाव देता येत नाही, कारण डॉक्टरनं तिला कधी पाहिलंच नाही. तेवढंच मला ठाऊक आहे.

तेव्हा या आजारांना १९१२ चा इंग्रजांचा ल्युनसी ॲक्ट लागू होता. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम निघाला. आक्का त्याच्या पुढच्या वर्षी गेली, आणि मला पेपर वाचूनही त्याची गंधवार्ता नव्हती. आजची गोष्ट वेगळी आहे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं हा त्यात गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे. त्यानं उपचार हा हक्क ठरवला, साखळदंडाला बंदी केली आणि जीव द्यायला निघालेल्या माणसाला गुन्हेगार न धरता तो भयंकर ताणात होता असं धरायला सांगितलं. ॲट्रॉसिटीचा कायदा आपले कार्यकर्ते कलमासकट पाठ म्हणतात. हा दुसरा कायदाही आपल्याच माणसांचा आहे. तोही पाठ करा. देवरुषी हाकलायला जाल तेव्हा परतीच्या गाडीत आजारी माणसासाठी एक जागा ठेवा, आणि त्याच्या आईसाठी दुसरी.

आता लिहिणाऱ्यांना. भावंडाच्या मरणावर कविता लिहिलीत तर पाठवण्याआधी तीन गोष्टी तपासा. मेलेला माणूस त्यात स्वतः काही बोलतो का? त्याच्या आजाराचं नाव, निदान त्याची खूण आहे का? आणि त्यात तुम्ही कुठं उभे आहात? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘मूठ आवळून शेवटच्या ओळीत’ असं असेल तर कविता घरी ठेवा आणि आईला विचारा. जातीनं मारलेल्यांची फिर्याद लिहायची थांबवू नका. ती अजून संपलेली नाही, रोज नवी घालावी लागते. पण घरात मेलेल्याला फिर्यादीत जागा मिळावी म्हणून त्याचा चेहरा बदलू नका. जात होती म्हणूनच आमच्या घरात खोली नव्हती, डॉक्टर नव्हता, बाप खडकीला होता, हे सगळं दोरीसकट लिहिलं तरच कळतं. दोरी झाकली की जातही झाकली जाते.

माझी ती कविता यापुढं कुठल्या संग्रहात घेऊ नये, अशी संपादकांना विनंती आहे. तिच्या जागी आईचं वर दिलेलं रडणं घ्यावं. ते अपुरं आहे, आणि अपुरं का आहे ते खाली छापावं. आक्का शहीद नव्हती. ती माझी बहीण होती, आजारी होती, आणि तिनं मला कडेवर वाढवलं होतं.

जयभीम.